रुपयाचा डॉक्टर ते मुख्यमंत्री : डॉ. वाय. एस. राजशेखर रेड्डी



आपल्या गावात डॉक्टर नसेल तर काय होतं, हे खेड्यात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. रात्री अपरात्री पोटात दुखायला लागलं की गाडी शोधा, तालुक्याला जा, तिथून जिल्ह्याला जा, आणि खिशात पैसे नसतील तर सावकाराचं दार वाजवा. आजच्या पाठात आपण अशाच एका कोरडवाहू मुलखात दवाखाना काढणाऱ्या डॉक्टरची माहिती घेणार आहोत. हा डॉक्टर पुढे आमदार झाला, खासदार झाला, मुख्यमंत्री झाला. त्याने काढलेल्या एका योजनेची सावली आज आपल्या महाराष्ट्रातल्या रेशनकार्डापर्यंत आलेली आहे. त्यांचं नाव डॉ. येडुगुरी संदिंटी राजशेखर रेड्डी. आंध्र प्रदेशात त्यांना सगळे 'वायएसआर' म्हणत.

हा पाठ वाचताना एक प्रश्न मनात धरून ठेवा. डॉक्टर एका वेळी एक पेशंट तपासतो. मुख्यमंत्र्यापुढे एकाच वेळी कोट्यवधी माणसं असतात. एका कामातलं शहाणपण दुसऱ्या कामात जसंच्या तसं चालतं का? पाठ संपल्यावर याचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे.

मुलूख कसा होता?

आंध्र प्रदेशाचे ढोबळ भाग सांगायचे तर किनाऱ्यालगतचा सुपीक भाग आणि आतला रायलसीमा. (पूर्वी तेलंगणाही याच राज्यात होता. २ जून २०१४ रोजी तो वेगळा झाला.) कृष्णा आणि गोदावरीच्या मुखाशी भाताची हिरवीगार शेतं. रायलसीमेत मात्र लाल, खडकाळ जमीन आणि भरवसा नसलेला पाऊस. कडप्पा, कर्नूल, अनंतपूर आणि चित्तूर हे त्याचे जुने चार जिल्हे. तिथला शेतकरी भुईमूग पेरतो आणि आभाळाकडे बघतो. आपल्या मराठवाड्यातल्या किंवा माण-खटावच्या माणसाला हे चित्र अजिबात परकं वाटणार नाही.

या भागाची आणखी एक ओळख होती, ती गटांच्या भांडणांची. गावातले दोन बलदंड गट, त्यांच्यात पिढ्यान् पिढ्यांचं वैर, गावठी बॉम्ब, कोयते, खून आणि खुनाचा बदला. तिकडे याला 'फॅक्शन' असंच म्हणतात. राजशेखर रेड्डींच्या घरालाही याची झळ बसली. त्यांचे वडील वाय. एस. राजा रेड्डी यांची १९९८ मध्ये हत्या झाली. त्यांचं चरित्र वाचताना ही पार्श्वभूमी बाजूला ठेवून चालत नाही. दवाखाना आणि दहशत या दोन्ही गोष्टी त्याच मातीत होत्या.

बालपण आणि शिक्षण

राजशेखर रेड्डींचा जन्म ८ जुलै १९४९ रोजी कडप्पा जिल्ह्यात झाला. त्यांचं गाव पुलिवेंदुला. घराणं ख्रिस्ती रेड्डी कुटुंबातलं. वडील कंत्राटदार होते, त्यामुळे मुलाचं शालेय शिक्षण कर्नाटकातल्या बळ्ळारीत झालं. पुढे विजयवाड्याच्या लोयोला कॉलेजात शिकून ते डॉक्टर होण्यासाठी गुलबर्ग्याला गेले.

गुलबर्गा म्हणजे आजचं कलबुर्गी. सोलापूरहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर. तिथल्या महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी एम.बी.बी.एस. केलं. अभ्यासाबरोबरच ते विद्यार्थी संघटनेचे अध्यक्षही झाले. नंतर तिरुपतीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हाऊस सर्जन असताना तिथल्या हाऊस सर्जनांच्या संघटनेचंही नेतृत्व त्यांच्याकडे आलं. म्हणजे गळ्यात स्टेथोस्कोप आणि चार माणसं गोळा करायची सवय या दोन्ही गोष्टी एकाच वयात आल्या. डॉक्टरकी सोडून राजकारणात गेले असं त्यांच्याबद्दल म्हटलं जातं, पण खरं तर दोन्हींची सुरुवात बरोबरच झाली होती.

रुपयाचा डॉक्टर

शिक्षण संपल्यावर मोठ्या शहरात प्रॅक्टिस करता आली असती. ते आपल्या भागात परत आले. जम्मलमडुगू इथल्या मिशनच्या दवाखान्यात त्यांनी काही काळ वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केलं. मग १९७३ मध्ये पुलिवेंदुला इथे वडिलांच्या नावाने सत्तर खाटांचा धर्मादाय दवाखाना सुरू केला.

सत्तर खाटा! आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय साधारण तीस खाटांचं असतं, हे लक्षात घेतलं की आकडा किती मोठा आहे ते कळेल. तोही पन्नास वर्षांपूर्वी, दुष्काळी तालुक्यात.

तपासायची फी एक रुपया. म्हणून लोक त्यांना 'रुपयाचा डॉक्टर' म्हणू लागले. आता कोणी म्हणेल, एक रुपया तरी कशाला घ्यायचा, फुकटच तपासायचं की. पण खेड्यातल्या माणसाचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. फुकट घेताना तो संकोचतो. रुपया दिला की माणूस ताठ मानेने बाकावर बसतो. 'मी पैसे देऊन आलोय' असं त्याला म्हणता येतं. रुपया ही फी कमी आणि मान जास्त, असंच म्हणावं लागेल.

डॉक्टर राजकारणात का जातो?

हा या पाठातला महत्त्वाचा भाग आहे, नीट वाचा.

समजा एका गावातून दर आठवड्याला हगवणीचे दहा पेशंट येतात. डॉक्टर सलाईन लावतो, गोळ्या देतो, पेशंट बरा होतो. पुढच्या आठवड्यात त्याच गावातून आणखी दहा येतात. औषध बरोबर आहे, पण रोग हटत नाही, कारण रोग गावच्या विहिरीत आहे. विहीर दुरुस्त करणं डॉक्टरच्या हातात नाही. ते पंचायतीच्या, आमदाराच्या, सरकारच्या हातात आहे.

हा विचार जुना आहे. १८४८ मध्ये जर्मनीतला रुडॉल्फ विर्शो हा तरुण डॉक्टर अप्पर सायलेशिया नावाच्या गरीब भागात टायफसची साथ तपासायला गेला. परत येऊन त्याने सरकारला जो अहवाल दिला, त्यात औषधांपेक्षा शिक्षण, रोजगार आणि लोकांच्या हक्कांवर भर होता. पुढे तो स्वतः संसदेत निवडून गेला. खेड्यातला आजार तपासता तपासता डॉक्टर गरिबीपर्यंत पोचतो आणि गरिबीपर्यंत पोचला की राजकारणाच्या दाराशी उभा राहतो, ते हे असं.

राजशेखर रेड्डींच्या बाबतीत मात्र फक्त हेच कारण होतं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. वडिलांचं गावात वजन होतं. घराण्याची ताकद होती. दवाखान्यामुळे घराघरात ओळख झाली होती. ज्या घरातला माणूस तुमच्या हातून बरा झाला, ते घर मत द्यायला विसरत नाही. सेवा आणि सत्ता यांची गाठ इथे पक्की बसली. ती चांगली की वाईट, हे पुढे त्या सत्तेचं काय केलं त्यावरून ठरवायचं.

दहा निवडणुका, एकही पराभव नाही

१९७८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते पुलिवेंदुलामधून पहिल्यांदा आमदार झाले. गंमत बघा, त्याच वर्षी शेजारच्या चित्तूर जिल्ह्यातून आणखी एक तरुण पहिल्यांदा आमदार झाला. त्याचं नाव एन. चंद्राबाबू नायडू. दोघेही सुरुवातीला काँग्रेसच्या सरकारात मंत्री होते. पुढे नायडू तेलुगू देसम पक्षात गेले आणि हे दोघे एकमेकांचे सर्वांत मोठे विरोधक झाले.

राजशेखर रेड्डी १९८० ते १९८३ या काळात राज्यात मंत्री होते. ग्रामविकास खातंही त्यांनी सांभाळलं. त्यानंतर ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९८९, १९९१, १९९६ आणि १९९८ अशा चार वेळा ते कडप्पामधून लोकसभेवर निवडून गेले. १९९९ मध्ये ते परत विधानसभेत आले आणि विरोधी पक्षनेते झाले. विधानसभेच्या सहा आणि लोकसभेच्या चार अशा एकूण दहा निवडणुका त्यांनी लढवल्या आणि दहाही जिंकल्या.

पण मुख्यमंत्रिपद दूर होतं. पंचवीस वर्षं राजकारणात घालवूनही खुर्ची मिळत नव्हती. पक्षातच अनेक गट, आणि समोर चंद्राबाबूंसारखा हुशार मुख्यमंत्री, ज्याच्या हायटेक हैदराबादचं देशभर कौतुक चाललेलं.

पायी निघालेला डॉक्टर

हैदराबाद चमकत होतं तेव्हा खेड्यात काय चाललं होतं? लागोपाठ दुष्काळ पडत होते. बोअर खोल खोल जात होत्या आणि कोरड्याच निघत होत्या. विजेचे दर वाढले होते. ऑगस्ट २००० मध्ये वीजदरवाढीविरुद्ध हैदराबादच्या बशीरबाग भागात मोठा मोर्चा निघाला. पोलिसांच्या गोळीबारात आंदोलकांचा जीव गेला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज येत होत्या. विदर्भातल्या वाचकांना त्या दिवसांची आठवण करून द्यायला नको.

एप्रिल २००३ मध्ये, भर उन्हाळ्यात, राजशेखर रेड्डी हैदराबादजवळच्या चेवेळ्ळा गावातून पायी निघाले. आंध्रचा उन्हाळा म्हणजे पारा सहज ४० अंशांच्या वर. वय त्रेपन्न. वाटेत त्यांची तब्येत बिघडली, काही दिवस थांबावं लागलं, पण परत न जाता ते पुढे चालले. जूनच्या मध्याला ओडिशाच्या सीमेवरच्या इच्छापुरमला ही पदयात्रा संपली. अंतर झालं सुमारे दीड हजार किलोमीटर. आपल्याकडे आळंदीहून पंढरपूरला जाणारी वारी साधारण अडीचशे किलोमीटरची, म्हणजे तशा सहा वाऱ्या एका दमात.

या पदयात्रेत त्यांनी काय केलं? भाषणं केलीच, पण त्याहून जास्त ऐकून घेतलं. डॉक्टरकडे पेशंट आला की पहिला प्रश्न असतो, 'काय होतंय? कधीपासून होतंय?' पेशंटला बोलू द्यायचं, मधे तोडायचं नाही. याला वैद्यकीय भाषेत रुग्णाचा इतिहास घेणं म्हणतात. रस्त्यावरच्या झाडाखाली, वेशीवर, शेताच्या बांधावर त्यांनी हेच केलं असं म्हणता येईल. वीजबिल, बोअर, कर्ज, दवाखान्याचा खर्च, पेन्शन. तीच तीच तक्रार गावोगाव ऐकू आली, आणि पुढच्या सरकारच्या योजनांची यादी तिथेच तयार झाली.

२००४ च्या निवडणुकीत २९४ पैकी १८५ जागा काँग्रेसला मिळाल्या. १४ मे २००४ रोजी राजशेखर रेड्डींनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. शपथेनंतरची पहिली सही शेतकऱ्यांना मोफत वीज देण्याच्या फाइलवर होती. त्याच वर्षी महाराष्ट्रातही निवडणुकीआधी शेतीला मोफत वीज जाहीर झाली होती. आपल्याकडे ती पुढच्या वर्षी बंद झाली. आंध्रात ती चालू राहिली. घोषणा करणं आणि ती वर्षानुवर्षं निभावणं यात किती फरक असतो, ते इथे दिसतं.

बचत गटातल्या बायकांसाठी 'पावला वड्डी' ही योजना आली. पावला म्हणजे चार आणे, वड्डी म्हणजे व्याज. शंभर रुपयांना महिन्याला पंचवीस पैसे, म्हणजे वर्षाला तीन टक्के. सावकाराच्या व्याजाशी तुलना करा म्हणजे त्याचं मोल कळेल. गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर सोडवा.

एकशे आठ

आता डॉक्टरकीचा भाग बघू.

अपघात झाला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, साप चावला, तर पहिला तास फार मोलाचा असतो. खेड्यात तो तास गाडी शोधण्यातच जातो. ऑगस्ट २००५ मध्ये हैदराबादेत एका बिगरसरकारी संस्थेने १०८ क्रमांकाची तातडीची सेवा सुरू केली. आंध्र सरकारने तिच्याशी भागीदारी करून ती राज्यभर, खेड्यापाड्यांत नेली. फोन फुकट, गाडी फुकट, गाडीत ऑक्सिजन आणि शिकलेला माणूस. जपमाळेच्या मण्यांएवढा आकडा, त्यामुळे अडाणी माणसाच्याही लक्षात राहणारा. पुढे हा नंबर अनेक राज्यांनी घेतला. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका धावते आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी ती कधी ना कधी येऊन गेली असेल.

आरोग्यश्री

मुख्यमंत्री सहायता निधीकडे रोज अर्जांचे ढीग येत. कोणाच्या मुलाच्या हृदयाला छिद्र, कोणाची किडनी गेलेली, कोणाला कॅन्सर. गरीब माणूस आमदाराची चिठ्ठी घेऊन मंत्रालयात खेपा घालायचा. मिळाले पैसे तर मिळाले. म्हणजे जीव वाचणं हे ओळखीवर अवलंबून होतं.

मुख्यमंत्री स्वतः डॉक्टर असल्याने यातली अडचण त्यांना कळत होती. चिठ्ठीच्या जागी हक्क आणायचा, हा विचार त्यातून पुढे आला. १ एप्रिल २००७ रोजी महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन मागास जिल्ह्यांत 'राजीव आरोग्यश्री' योजना सुरू झाली. २००८ पर्यंत ती सगळ्या राज्यात पोचली. तिचं काम असं चाले :

१. पांढरं रेशनकार्ड असलेलं कुटुंब आपोआप योजनेत येई. वेगळा हप्ता भरायचा नाही.

२. वर्षाला कुटुंबामागे दीड लाख रुपयांपर्यंत उपचार आणि गरज पडल्यास आणखी पन्नास हजार.

३. ताप-खोकल्यासाठी ही योजना नव्हती. हृदय, किडनी, मेंदू, कॅन्सर, भाजणं, मोठे अपघात असे माणसाला कर्जात बुडवणारे आजार त्यात होते. पुढे यादी नऊशेहून अधिक उपचारांपर्यंत गेली.

४. सरकारी आणि खासगी अशी दोन्ही प्रकारची रुग्णालयं यादीत होती. कुठल्याही रुग्णालयात गेलं तरी पेशंटने पैसे द्यायचे नाहीत. बिल थेट योजनेतून भरलं जाई.

५. दवाखान्याच्या दारात 'आरोग्यमित्र' बसलेला असे. कागदपत्रं, मंजुरी, वॉर्ड कुठे आहे, हे सगळं तो सांगे.

हा शेवटचा मुद्दा छोटा वाटतो, पण मोठ्या पांढऱ्या इमारतीत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या शेतमजुराला विचारून बघा. तिथे आपल्याशी आपल्या भाषेत बोलणारं एक माणूस भेटणं, हाच अर्धा उपचार असतो.

महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. तीही साधारण याच धर्तीवर. कुटुंबाला दीड लाखाचं संरक्षण, पिवळं आणि केशरी रेशनकार्ड, दवाखान्यात आरोग्यमित्र. आज तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. सहा वर्षांनी, २०१८ मध्ये, आयुष्मान भारत ही देशपातळीवरची योजना आली.

दुसरी बाजू

मित्रांनो, चरित्र म्हणजे आरती नव्हे. ज्याचं चांगलं घ्यायचं, त्याचं खटकणारंही तितक्याच स्पष्टपणे बघायला हवं.

पहिला आक्षेप आरोग्यश्रीवरच आहे. आरोग्य क्षेत्रातल्या अनेक अभ्यासकांनी म्हटलं की, या योजनेचा मोठा पैसा खासगी रुग्णालयांकडे गेला. तोच पैसा प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टर-नर्सच्या भरतीत, सरकारी दवाखान्यांच्या दुरुस्तीत घातला असता तर आजार मोठा होण्याआधीच थांबला असता. साधा ताप, रक्तदाब, मधुमेह यांवर खर्च होतो तो गोळ्यांवर आणि तपासण्यांवर, आणि तो गरिबाच्या खिशातूनच जात राहिला. शिवाय पैसे मिळतात म्हणून गरज नसताना ऑपरेशन करण्याच्या तक्रारी आल्या. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल तर फारच. नंतर सरकारला काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखून ठेवाव्या लागल्या.

इथे मघाची विहीर आठवा. आरोग्यश्रीने बुडणाऱ्याला बाहेर काढलं, यात शंका नाही. पण विहिरीला कठडा बांधण्याचं काम मागेच राहिलं. रुपया घेऊन ताप तपासणाऱ्या डॉक्टरने काढलेल्या सर्वांत मोठ्या योजनेत तापालाच जागा नव्हती, ही विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप कारभारावरचा. 'जलयज्ञम' नावाने धरणं-कालव्यांची प्रचंड कामं हाती घेतली गेली. त्यांच्या कंत्राटांत गैरव्यवहार झाल्याचे आरोप विरोधकांनी केले. सरकारच्या निर्णयांच्या बदल्यात त्यांचे पुत्र जगनमोहन यांच्या उद्योगांत गुंतवणूक झाली, या आरोपावरून पुढे सीबीआयने खटले दाखल केले आणि २०१२ मध्ये जगनमोहन यांना अटकही झाली. कुटुंबाने आणि पक्षाने हे आरोप राजकीय सूडबुद्धीचे असल्याचं सांगितलं. आरोप आणि सिद्ध झालेला गुन्हा यांत फरक असतो, हे नागरिकशास्त्रात आपण शिकलो आहोत. पण आरोप झालेच नाहीत असं लिहिणंही खोटेपणाचं होईल.

शेवटचा प्रवास

२००९ ची निवडणूकही त्यांनी जिंकून दिली. १५६ जागा मिळाल्या. २ सप्टेंबर २००९ ला सकाळी ते हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावरून हेलिकॉप्टरने चित्तूर जिल्ह्याकडे निघाले. कार्यक्रमाचं नाव होतं 'रच्चबंडा'. रच्चबंडा म्हणजे गावच्या झाडाखालचा कट्टा, आपल्याकडचा पार. योजना खरंच गावात पोचल्या का, हे पारावर बसून लोकांनाच विचारायचं, असा तो बेत होता.

हवा पावसाळी होती. नल्लमलाच्या घनदाट जंगलावर हेलिकॉप्टरचा संपर्क तुटला. दिवसभर आणि रात्रभर शोध चालला. दुसऱ्या दिवशी डोंगरात अवशेष सापडले. आतले पाचही जण मरण पावले होते. पुलिवेंदुलाजवळच्या इडुपुलपाया इथे त्यांचा दफनविधी झाला. पुढे कडप्पा जिल्ह्याला त्यांचं नाव देण्यात आलं.

त्यांच्या पदयात्रेचा धडा मात्र सगळ्यांनी गिरवला. २०१२-१३ मध्ये चंद्राबाबू नायडू स्वतः राज्यभर पायी फिरले. २०१७ ते २०१९ या काळात जगनमोहन ३,६४८ किलोमीटर चालले आणि मुख्यमंत्री झाले. आणि आरोग्यश्रीचं काय? विरोधी पक्षाचं सरकार आलं तेव्हा तिचं नाव बदलून 'एन.टी.आर. वैद्य सेवा' झालं, पण योजना बंद झाली नाही. तेलंगणा वेगळा झाला, तिथेही ती राहिली. योजना लोकांच्या अंगवळणी पडली की सरकारला पाटी बदलता येते, दुकान बंद करता येत नाही.

मग काय शिकायचं?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. डॉक्टरचं शहाणपण राज्यकारभारात चालतं का?

काही प्रमाणात चालतं. लोकांचं ऐकून घेणं, दुखणं कुठे आहे ते नेमकं शोधणं, तातडीच्या वेळी वेळ न घालवणं हे गुण दोन्हीकडे लागतात. १०८ आणि आरोग्यमित्र यांत ते दिसतात.

पण काही ठिकाणी ते कमी पडतं. डॉक्टरपुढे पेशंट असतो तेव्हा खर्च किती हा प्रश्न दुय्यम असतो, जीव वाचवणं पहिलं. राज्य चालवताना मात्र तोच रुपया एका ठिकाणी गेला की दुसऱ्या ठिकाणी कमी पडतो. ऑपरेशन झालेला माणूस दिसतो, हात जोडतो, मत देतो. स्वच्छ पाण्यामुळे आजारीच न पडलेला माणूस कोणाला दिसत नाही, तो आभारही मानत नाही. म्हणून प्रत्येक सरकारला मोठं ऑपरेशन आवडतं आणि विहिरीचा कठडा राहून जातो. हा दोष एकट्या राजशेखर रेड्डींचा नाही. आपण मतदार म्हणून काय मागतो, त्याच्याशीही त्याचा संबंध आहे. उद्या तुम्ही मतदार व्हाल तेव्हा हॉस्पिटलच्या कार्डाबरोबरच गावच्या उपकेंद्रात नर्स आहे का, नळाचं पाणी तपासलं जातं का, हेही विचारा.

शब्दार्थ

रायलसीमा – आंध्र प्रदेशाचा दक्षिणेकडचा कोरडवाहू भाग
धर्मादाय – दान म्हणून, नफ्याशिवाय चालवलेलं
पावला वड्डी – शेकडा मासिक चार आणे व्याज
रच्चबंडा – गावचा पार, लोक बसतात तो कट्टा
विसंगती – मेळ न बसणं

स्वाध्याय

१. राजशेखर रेड्डींना लोक 'रुपयाचा डॉक्टर' का म्हणत? फी पूर्ण माफ करणं आणि एक रुपया घेणं, यांत तुम्हाला काय फरक वाटतो?

२. पुलिवेंदुला ते मुख्यमंत्रिपद हा प्रवास १९७३, १९७८, १९८९, २००३ आणि २००४ या वर्षांच्या आधारे कालरेषेवर दाखवा.

३. एका बचत गटाने ४०,००० रुपये कर्ज घेतलं. पावला वड्डीने वर्षाचं व्याज किती? शेकडा मासिक ३ रुपये दराने सावकाराला किती द्यावं लागलं असतं?

४. 'आरोग्यश्रीने बुडणाऱ्याला बाहेर काढलं, पण विहिरीला कठडा बांधला नाही.' या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी तीन मुद्दे लिहा.

५. उपक्रम : आपल्या गावातल्या आशाताईंना भेटा. गेल्या महिन्यात कोणत्या आजाराचे जास्त पेशंट आले आणि त्याचं कारण काय असावं, ते विचारा. त्यातली कोणती कारणं औषधाने दूर होतील आणि कोणती ग्रामसभेत मांडावी लागतील, याची दोन रकान्यांत नोंद करून वर्गात वाचून दाखवा.